खाराची खोली

'तहहयात' हा शब्द मी स्वतःच्या हाताने, निळ्या शाईने, संस्थेच्या नियमांच्या वहीत लिहिला. लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा नीट अर्थही कुणाला माहीत नव्हता, मला धरून. वर्तमानपत्रात कुठल्याशा पुढाऱ्याच्या नावापुढे वाचला होता आणि भारदस्त वाटला होता. अख्खं वाक्य असं होतं: "पापडाच्या पिठात घालावयाचा खार व मीठ अध्यक्षा स्वतः घालतील, सेवा म्हणून, तहहयात." खाली माझी सही. सहीखाली दोन रेघा, कारण एक रेघ कमी वाटली.

लोक खड्ड्यात पडतात तेव्हा निदान कुणाचा तरी धक्का लागलेला असतो. मला कुणाचा धक्का लागला नव्हता. मी आपल्या पायांनी आत गेले, दार ओढून घेतलं, किल्ली पदराला बांधली आणि मग बारा वर्षं, आपल्याला कुणी बाहेर का काढत नाही, म्हणून कुढत बसले.

आम्ही नाशिकच्या सिडकोत राहतो. यजमान अंबडच्या एका कारखान्यात होते. तो बंद पडला तेव्हा घरात सासूबाई, शाळेत जाणारी एक मुलगी आणि आम्ही दोघं. सासूबाईंना उडदाचे पापड फार सुरेख येत. त्यांनी मला शिकवले आणि मी ते शेजारपाजारी विकायला लागले. शेजारच्या दोघींच्या घरीही तीच परिस्थिती होती, त्या येऊन बसल्या. तेव्हा आमच्यातल्या कुणाला संस्था काढायची नव्हती. संध्याकाळी चूल पेटायला हवी होती, बस. पुढे गच्चीच्या मालकाने वाळवणाला मनाई केली आणि वस्तीतल्या बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत आम्हाला जागा मिळाली. तिथे पावसाचं पाणी यायचं म्हणून काही वर्षांनी आम्ही आमची पत्र्याची शेड घातली. मला सोडून दोघींच्या चौघी, चौघींच्या एकोणीस झाल्या. कुणाच्या सुनेची तक्रार, कुणाच्या नवऱ्याची दारू, कुणाची परीक्षेला बसलेली पोर, सगळं लाट्यांबरोबर लाटलं जायचं. ज्या दिवशी शेड बंद असायची त्या दिवशीही दोघीतिघी उगाच येऊन पायरीवर बसायच्या.

आणि मग संस्था नोंदवली, मी अध्यक्षा झाले आणि खुर्ची आली. इतर सगळ्या सतरंजीवर बसत, अध्यक्षांना मात्र हात टेकायला दांडे असलेली खुर्ची. त्या खुर्चीत बसल्यावर माझी मान किती ताठ व्हायची ते आठवलं की आजही मला माझ्याच मानेवर एक चापट मारावीशी वाटते.

पापडात सगळी गोम असते खारात. पापडखार आणि मीठ पाण्यात उकळायचं, ते पाणी निववायचं, गाळायचं आणि त्यात पीठ भिजवायचं. खार जास्त झाला तर पापड तळताना लाल पडतो आणि जिभेला कडवट लागतो. कमी झाला तर फुलत नाही, दाताखाली चामडं चावल्यासारखं होतं. सासूबाई मुठीने घालायच्या आणि बोट बुडवून चाखायच्या. मीही तशीच शिकले.

एका उन्हाळ्यात आमच्याकडे घोटाळा झाला. एकीने खार घातला आणि ती नळावर गेली. दुसरीला वाटलं राहिलाय, तिनेही घातला. दोन दिवस मर मर लाटलेले पापड तळल्यावर विटेसारखे लाल. दुकानदाराने सगळे परत पाठवले. त्या दोघी रडल्या, मी ओरडले. आता मागे वळून बघते तर उपाय केवढासा होता. खार घातला की पातेल्यावर उलटं ताट ठेवायचं, एवढी खूण पुरली असती. पण एवढ्याशा उपायाने माझं भागणार नव्हतं.

कारण त्याच महिन्यात आम्हाला एका प्रशिक्षणाला बोलावलं होतं. गंगापूर रोडला एक हॉल, पंखे, नाश्त्याला उपमा. शिकवणारे साहेब तरुण होते, बाह्या दुमडलेले. त्यांनी फळ्यावर पाच पायऱ्यांचा जिना काढला. सगळ्यात खाली लिहिलं 'पोट'. त्यावर 'छप्पर', त्यावर 'आपली माणसं', त्यावर 'मान' आणि सगळ्यात वर 'सेवा'. म्हणाले, माणूस असाच चढत जातो आणि संस्थाही अशीच चढत जाते. आधी जगणं, मग सुरक्षितपणा, मग आपलेपणा, मग प्रतिष्ठा, आणि मग एक दिवस असा येतो की स्वतःसाठी काही नको असतं, देणं उरतं. मला ते इतकं पटलं की मी उपमा गार होऊ दिला. आमचीच गोष्ट सांगत होते ना ते. पोट झालं, शेड झाली, एकोणीस बाया झाल्या, खुर्ची झाली. उरलं काय होतं? एकच पायरी.

मग साहेबांनी प्रत्येकीला एक गोल चिकटपट्टी दिली आणि आपण आज ज्या पायरीवर आहोत तिथे जाऊन लावायला सांगितलं. बायका लाजत उठल्या. बहुतेकींनी 'आपली माणसं' वर लावली, कारण तिथे गर्दी होती आणि गर्दीत बरं वाटतं. मी सरळ गेले आणि टाचा उंचावून सगळ्यात वर लावली. एकटीच होते मी तिथे. थोडी वाकडी लागली म्हणून काढून परत सरळ लावली.

आमच्यात एक होती, सुरगाण्याकडच्या डोंगरातली. लहानपणी आईबापाबरोबर दिंडोरीला द्राक्षाच्या बागांत कामाला यायची, लग्न होऊन नाशकात आली. सगळ्या तिला सुरगाणेवाली म्हणत. बोलायची कमी, लाटायची सगळ्यांत जास्त. तिच्यापर्यंत चिकटपट्ट्या संपल्या, तर तिने कपाळावरची टिकली काढली आणि 'पोट' वर लावली. साहेबांना वाईट वाटलं असावं. त्यांनी विचारलं, इतकी वर्षं काम करून अजून तिथेच का?

ती म्हणाली, "पोट रोज लागतं ना साहेब."

हॉलमध्ये हशा झाला. मी हसले नाही. मला तिची दया आली. म्हणजे बघा, मी वरच्या पायरीवरून खाली वाकून दया करत होते.

घरी येताना रिक्षातच माझं ठरलं. सेवा करायची. आणि लाल पापडाचा घाव ताजा होता, त्यामुळे सेवा कोणती तेही ठरलं. दुसऱ्या दिवशी सभा, ठराव, हात वर. एकोणीसही हात वर झाले, तेही आनंदाने. का होणार नाहीत? पहाटे उठून वाफेत उभं राहण्याचं काम कुणीतरी आपण होऊन गळ्यात घेत होतं.

शेडच्या कोपऱ्यात प्लायवूडची भिंत घालून खोली केली. तीन पावलं लांब, दोन पावलं रुंद. शेगडी, पातेली, खाराचं कपाट, आणि मी. खिडकी नव्हती. आतली हवा बाहेर टाकणारा पंखा पुढच्या वर्षी बसवू असं ठरलं, आणि दर वर्षी ते तसंच ठरत राहिलं. सहा वाजता मी आत शिरून कडी लावायची, जणू आत सरकारी गुपितं आहेत. खार उकळताना जी वाफ येते ती नाकाडोळ्यांत जाते, चष्म्यावर बसते. पातेलं बाहेर निवायला ठेवून मी घरी जायचे, यजमानांचा चहा आणि नाश्ता करायचा, आणि साडेआठला खुर्चीत येऊन बसायचं. तोवर पाणी निवलेलं असायचं, बायका पीठ भिजवायला घ्यायच्या.

पहिली दोन वर्षं मला फार थोर वाटलं. तिसऱ्या वर्षापासून ती खोली अंगाला घट्ट व्हायला लागली.

येवल्याला भावाच्या मुलीचं लग्न होतं. मी पहाटे खार उकळून एसटी धरली. हळद आदल्या दिवशीच झालेली. मी पोचले तेव्हा पंगत बसायची होती आणि लग्न लागायला रात्र होणार होती. दुसऱ्या सकाळी सहाला परत पातेल्यापुढे उभं राहायचं म्हणून परतीची शेवटची गाडी धरायची होती. नवरी स्टेजवर चढत असताना मी स्टँडवर होते. भावाने नंतर फोटो दाखवले. सगळ्या आत्या एका रांगेत होत्या, मी नव्हते. मी भावाला म्हटलं, अरे, सेवा आहे, सुटी नसते. तो म्हणाला, कुणी लावली ही सेवा? मी अभिमानाने सांगितलं, मीच. त्याने विषय बदलला.

ताप आला तरी मी जायचे. गुडघा धरला तरी जायचे. कुणी म्हटलं, ताई, आज मी घालते, तर मी वहीकडे बोट दाखवायचे. खरं सांगते, भीती होती. दुसरीने घातला आणि पापड बरा झाला तर? मग त्या खुर्चीला दांडे कशाला हवेत?

मग ते साथीचं वर्ष आलं. घरोघर ताप, तसा मलाही. बरी झाले, पण तोंडाची चव गेली. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. गोड आलं, आंबटही आलं. मीठ दूरच्या खोलीत कुणीतरी बोलावं तसं पुसटसं लागायचं. आणि खाराचा तो जिभेला चरचरणारा कडवटपणा आलाच नाही. शेड पुन्हा उघडली तेव्हा मी खोलीत गेले, पाणी उकळलं, बोट बुडवलं, चाखलं. काहीच नाही. नुसतं कोमट पाणी.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. यजमानांनाही नाही. रोज बोट बुडवायचे, डोळे मिटायचे, मान हलवायचे. खोलीत एकटी असताना कुणासाठी हे नाटक करत होते, देव जाणे. बाहेर येऊन म्हणायचे, "झालं बरोबर." तीन वर्षं मी मुकी जीभ घेऊन पापड घालत होते आणि पापड झकास होत होते. दुकानदार म्हणायचा, ताई, तुमच्या हाताला तोड नाही. मलाही वाटायला लागलं की खरंच नसेल. जिभेचं काम हातानेच उचललं असणार.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

मुलगी कोल्हापूरला दिलेली. पहिल्या खेपेला बाळंतपणाला माझ्याकडेच आली होती, पण मी पहाटे उठून खोलीत जायचे आणि ती एकटी बाळाला घेऊन बसायची. बोलली नाही कधी. दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यात तिथल्या डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायला मनाई केली. घरात चार वर्षांची पोर, जावयांची फिरतीची नोकरी, तिच्या सासूबाई स्वतःच आजारी. तिने फोन केला. आढेवेढे घेतले, पापडांची चौकशी केली, वडिलांची केली. मग म्हणाली,

"आई, तू ये असं मी म्हणत नाही. तुला येता येतं का, एवढंच विचारतेय."

मी म्हटलं, बघते.

ऐन चैत्र. वर्षभराचा निम्मा माल त्या दोन महिन्यांत होतो. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातच खाली बसले. लेकीने लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं होतं आणि मी माझ्याच अक्षरातल्या एका वाक्यामागे अडकले होते. यजमानांनी विचारलं काय झालं. सांगितलं. ते म्हणाले, महिनाभर नाशिकने पापड खाल्ला नाही तर काही बिघडत नाही. मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं. ते म्हणाले, कारखाना बंद पडल्यावर मलाही असंच वाटायचं की माझ्यावाचून यंत्र चालणार नाही, आणि बरोबरच होतं, चाललंच नाही, पण त्याला कारण मी नव्हतो. एवढं बोलून ते पेपर वाचायला लागले.

मी पळवाट शोधली. रोजच्या खाराच्या पुड्या आधीच बांधून ठेवायच्या, की बायकांनी फोडून नुसत्या पाण्यात टाकायच्या. घालणारी मीच, फक्त आधी. नियमही शाबूत. मी घरचा वजनकाटा खोलीत नेला, मूठ भरली, काट्यावर ओतली, आकडा लिहिला. पुन्हा मूठ भरली. वेगळा आकडा. तिसऱ्यांदा आणखी वेगळा. सातव्या मुठीपर्यंत एकही आकडा जुळला नाही. एक मूठ दुसरीच्या जवळजवळ दीडपट होती. मग रोज पापड सारखा कसा येत होता? मी काट्याला दोष दिला. काटा उलटा करून बघितला, सेल काढून परत घातले. मूठ चुकत असेल असं मनात आलंच नाही. उलट वाटलं, हात आपोआप पाण्याचा अंदाज घेऊन कमीजास्त करत असणार. केवढी ही विद्या, पुडीत कशी मावेल? असा विचार करणारी बाई मी होते, आणि तेव्हा मला एक नात होती, म्हणजे वयाचा बहाणाही चालणार नाही.

पुड्या राहिल्या. मग मी राजीनामा द्यायचं ठरवलं. सभा बोलावली. मनात होतं की बायका थोड्या हळहळतील आणि मग मोकळं करतील. पण मी बोलायला उभी राहिले आणि दोघी रडायलाच लागल्या. तिसरी म्हणाली, ताई नाहीत तर संस्था नाही. चौथीने बाहेर जाऊन हार आणला. आमच्या सचिव अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, कागदाला फार चोख. त्यांनी वही काढली, चष्मा लावला आणि माझं वाक्य मलाच वाचून दाखवलं. 'तहहयात' वर त्या जरा थांबल्या, कठीण शब्द म्हणून. मी लेकीचं सांगितलं. मग एक म्हणाली, ताई, तुम्हाला सोडून जाववणार नाही हे आम्हाला माहीत आहे, तुमचा जीव इथेच आहे. हार माझ्या गळ्यात. झेंडूचा होता, ओला, मानेला टोचत होता.

त्या दिवशी सुरगाणेवाली काहीच बोलली नाही. ती रडली नाही आणि हार घालायलाही पुढे आली नाही. मी म्हटलं, हिला काय, ही पोटाच्या पायरीवरची.

लेकीला मी फोनवर सांगितलं, पंधरा दिवस थांब, काही जमवते. ती बरं म्हणाली. तिचं ते 'बरं' मी ओळखते. लहानपणी सहलीला पाठवायला पैसे नव्हते तेव्हाही ती असंच बरं म्हणाली होती.

नवव्या दिवशी पहाटे जावयांचा फोन आला. तिला दवाखान्यात ठेवलं होतं. रक्तदाब वाढला होता, बाळाला आधीच बाहेर काढावं लागेल असं डॉक्टर म्हणत होते. पोरगी शेजाऱ्यांकडे होती आणि आजीला बोलवा म्हणून रडत होती. यजमान बॅग भरायला लागले. आणि मी? मी शेडवर गेले. पाय आपसूक तिकडे वळले. कुलूप काढलं, शेगडी पेटवली, पातेलं ठेवलं, कपाट उघडलं. हातात खार घेतला आणि तशीच उभी राहिले. मूठ सोडता येईना. पाणी उकळत होतं, वाफ चष्म्यावर बसली होती, काही दिसत नव्हतं.

दार ढकलून सुरगाणेवाली आत आली. ती रोज माझ्यानंतर येते असा माझा समज होता. मी तिला आत ओढलं आणि दार लावलं. बारा वर्षांत त्या खोलीत दुसरं माणूस पहिल्यांदाच उभं होतं, त्यामुळे आम्हाला नीट उभंही राहता येईना, तिचा खांदा कपाटाला आणि माझी पाठ प्लायवूडला.

मी सगळं सांगून टाकलं. लेक दवाखान्यात आहे, मला आत्ता निघायचं आहे. आणि एक सांगते, कुणाला सांगू नकोस, माझ्या जिभेला खार कळत नाही, तीन वर्षं झाली. मी हाताने घालते. तुला मूठ दाखवते, तू शिकून घे.

ती म्हणाली, "ठाऊक हाय."

मला वाटलं लेकीचं ठाऊक आहे.

"जिभेचं ठाऊक हाय ताई. शेड उघडली त्याच आठवड्यात पापड लाल आला, तुमाला दाखवला नाय, पण तवाच कळलं."

मग तिने डब्याच्या पिशवीतून खाराची पुडी काढली आणि एक चहाचा कप, कान तुटलेला. मी पातेलं निवायला ठेवून घरी गेले की ती माझं पाणी मोरीत ओतायची. बाहेरच्या शेगडीवर दुसरं पातेलं ठेवायची, कपाने मोजून खार घालायची, तितकंच मीठ, आणि माझ्या पातेल्यात भरून माझ्या जागेवर ठेवून द्यायची. मी साडेआठला येऊन खुर्चीत बसेपर्यंत सगळं निवलेलं. रोज. तीन वर्षं. सगळ्या एकोणीस जणींना माहीत होतं. पहिला लाल पापड आला तेव्हा त्यांनी मी नसताना सभा घेतली होती आणि हात वर करून ठरवलं होतं.

आता हसाल, पण पहिल्यांदा मला राग आला तो सभेचा. अध्यक्षांशिवाय सभा कशी घेतली? मी तसं म्हटलंसुद्धा. बाजूला पाणी उकळून उकळून निम्मं झालं होतं.

मग विचारलं, सांगितलं का नाही मला?

तिने आधी शेगडी बंद केली. म्हणाली, "सांगायचं कसं? तुमी त्या खोलीतून बाहेर यायच्या तवा तोंड कसं दिसायचं तुमचं, तुमाला ठाऊक नाय. आम्हाला वाटलं तेवढंच हाय ह्यांच्याकडं. ते काढून घेतलं तर काय राहील."

आणि राजीनाम्याच्या सभेत का अडवलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, त्यांना वाटलं तुम्ही रुसून बोलताय. रुसलेल्या माणसाची समजूत काढायची असते. मी म्हटलं, आणि तू का नाही बोललीस? ती म्हणाली, हात वर केला होता ना मीही, गप्प राहायचं म्हणून.

म्हणजे कसं होतं बघा. मी त्यांच्यासाठी अडकून बसले होते आणि त्या माझ्यासाठी. तीन वर्षं ती बाई माझ्या सेवेचं पाणी मोरीत ओतायची आणि दुसरं करायची, त्यासाठी मुलांचे डबे पाचला उठून करून यायची, आणि तिच्या कपाळावरची टिकली मी खालच्या पायरीवर बघितली होती.

मी पदराची किल्ली सोडायला लागले. गाठ इतकी जुनी होती की सुटेना. शेवटी तिने दातांनी सोडवली.

दुपारच्या आधी आम्ही कोल्हापूरच्या गाडीत होतो. पुढचे दोन दिवस मी इथे लिहीत नाही, ते माझ्या लेकीचे आहेत. नातू झाला, दीड किलोपेक्षा थोडा जास्त, काचेच्या पेटीत तीन आठवडे राहिला, आणि सुखरूप घरी आला. मी काय केलं? मऊ भात केला. मोठ्या नातीच्या वेण्या घातल्या, त्या तिला आवडल्या नाहीत, परत घातल्या. लेकीच्या पायाला तेल लावलं. एका दुपारी ती डोळे मिटून पडली होती, मला वाटलं झोपली. तर म्हणाली, आई, तुझ्या हाताला खाराचा वास येत नाहीये. मला खाराची चवही कळत नव्हती, ते मी तिला तेव्हा सांगितलं. सगळंच सांगितलं. ती पोट धरून हसली, टाके दुखेपर्यंत, आणि मग थोडी रडली.

पण खोलीतून सुटलेलं माणूस लगेच मोकळं होत नाही. पहाटे साडेपाचला डोळे उघडायचे. साडेआठला बसायला खुर्ची नाही म्हणून मी लेकीच्या स्वयंपाकघरात उगाच उभी राहायचे. रोज शेडवर फोन करायचे. पहिले काही दिवस सल्ले दिले, पाणी असं निववा, पीठ असं कुटा. त्या हो हो म्हणायच्या. मग माझ्या लक्षात आलं की मला कुणी काहीच विचारत नाहीये. पापड कसा झाला विचारलं की चांगला झाला म्हणायच्या, आणि मागे हसण्याचा आवाज, कुणीतरी कुणालातरी चिडवतंय, लाटणी चालू आहेत. फोन ठेवला की कोल्हापूरचं ते घर मला खाराच्या खोलीएवढं वाटायचं. बाहेर पडायला दार होतं, पण जायचं कुठे ते कळत नव्हतं. साठीच्या उंबरठ्यावर आल्यावर मला भीती वाटली की मी कुठल्याच पायरीवर नाही, जिन्याखाली चपला ठेवतात तिथे आहे.

सातव्या आठवड्यात लेक म्हणाली, आता मी सांभाळेन, तू तुझ्या पापडांकडे जा. तिकीट काढायच्या आधी मी शेडवर फोन लावला. सुरगाणेवालीनेच उचलला. मी विचारलं ते अगदी हळू, नात ऐकू नये म्हणून. म्हटलं, अगं, मी परत आले तर चालेल का? माझं तिथे काही काम उरलंय का?

तिने फोन बाजूला धरून बाकीच्यांना काहीतरी विचारलं. मला शब्द कळले नाहीत. हसण्याची खसखस पिकलेली ऐकू आली. मग फोन परत कानाला लावून ती म्हणाली:

"या की. पण खाराच्या खोलीत नाय, ती भिंत परवाच काढली आम्ही, लय वारं येतं आता. माझ्या शेजारी जागा केली हाय, लाटायला बसा. आणि साडेआठला नाय हां ताई, आठला, आमच्यावानी."